आरोग्यमंत्री महोदय, फाटलेल्या बायका तुमच्या कुठल्या रकान्यात आहेत?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका सरकारी प्रसूतिगृहात माझं पहिलं बाळंतपण झालं. मुलगी सुखरूप आहे. मी नाही.

लेबर रूमबाहेर 'लक्ष्य' योजनेचा फलक आहे. सन्मानाची वागणूक, जवळच्या बाईची सोबत, संमती, सगळं त्यावर लिहिलंय. २०१७ पासूनचं हे सरकारचं वचन. माझी आई त्याच फलकाखाली रात्रभर बसली होती, तिला आत सोडलं नाही. आत मला उताणी झोपवून पाय अडकवले, "जोर लाव" म्हणून ओरडले, पोटावर दाब दिला आणि न विचारता योनीच्या तोंडाशी कात्री चालवली. तो काप पुढे फाटत गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेला. हे मला डिस्चार्ज कार्ड वाचून कळलं. आज मला वायू आवरत नाही. संडासच्या भीतीने अर्धपोटी राहते आणि बसता येत नाही म्हणून कुशीवर पडून पाजते. सासूबाई म्हणतात, टाके सगळ्यांनाच पडतात. त्यांना तरी वेगळं कोणी सांगितलंय?

सांगण्यासारखं पुष्कळ आहे, महोदय. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एक-दोनदा, नखं कापून, हात स्वच्छ धुऊन, साध्या तेलाने योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाला मालिश करायचं. अंगठा योनीत इंच-दीड इंच आत ठेवून खाली आणि बाजूंना हलकेच ताण द्यायचा, पाचेक मिनिटं. अंगावरून रक्त जात असेल, वार (प्लेसेंटा) खाली असेल, जंतुसंसर्ग असेल तर नाही. म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं. पहिलटकरणींना याचा फायदा होतो. साधारण पंधराजणींनी केलं तर एकीचे टाके वाचतात, असं वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कोक्रेन संस्थेचा आढावा सांगतो. एक म्हणजे थोडी वाटली? पुणे जिल्ह्यात वर्षाला लाखभर तरी बाळंतपणं होतात. सिझर वजा करा, निम्म्या पहिलटकरणी धरा, तरी दोनेक हजार बायका होतात. तपासण्यांना मी एकदाही चुकले नाही. वजन, बीपी, लोहाच्या गोळ्या, झालं. मालिशबद्दल चकार शब्द नाही.

आणि ऐन कळांच्या वेळी? बाळाचं डोकं दिसू लागल्यावर कोमट ओल्या कापडाचा शेक दिला तर मोठ्या जखमा कमी होतात. सरसकट कापू नका, पोटावर दाबू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय. कात्री कधीच नको असं मी म्हणत नाही. बाळाचे ठोके पडत असतील तर कापा, पण मला सांगून कापा! माझ्या वॉर्डात एकही पहिलटकरीण टाक्यांवाचून नव्हती. सगळ्यांचेच ठोके पडले होते का?

त्या सिस्टरवर माझा राग नाही. कंत्राटी नोकरी, रात्रपाळी, एक बाई सोडून दुसरीकडे धावायचं. शेकाला गरम पाणी लागतं, कापड लागतं आणि एक मोकळा हात लागतो. नदीकाठ सुशोभित करायला या शहरात पैसा निघतो, मेट्रोची उद्घाटनं होतात, तो हात मात्र परवडत नाही. २०१८-२० मध्ये राज्यातले मातामृत्यू लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आले होते, असं तुम्ही सांगता. चांगलंच आहे. पण बाई जिवंत बाहेर आली की तुमचा हिशोब मिटतो. तिचं काय फाटलं, ती पुन्हा नीट बसली का, नवऱ्याजवळ जाताना तिला काय होतं, हे कोण विचारतं? लाज आमची, म्हणून गप्पही आम्हीच. या गप्प बसण्यावर तुमची अख्खी यंत्रणा चालते.

प्रत्येक तपासणीत मालिश शिकवा. प्रत्येक प्रसूतिगृहाला काप आणि जखमांचा आकडा दर महिन्याला जाहीर करायला लावा. फाटलेल्या बाईला स्नायूंचे व्यायाम शिकवणारं माणूस द्या. आणि माझ्या केसपेपरवर काप घेण्यासाठी मी दिलेली संमती कुठे आहे, ते मला लेखी कळवा.

आपली,
एक बाळंतीण, पुणे