गळती वरची, थकबाकी खालची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर हा गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा महिना असतो, कारण आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घेणे बंधनकारक आहे. पावसाळा सरत आल्यावर घरोघरी कुठे किती ओल धरली याचा हिशेबही याच महिन्यात मांडला जातो. त्यामुळे सभेत ताळेबंद वाचून होतो न होतो तोच कुणीतरी मोबाइलमधला छताचा फोटो पुढे करतो आणि मागच्या रांगेतून प्रश्न येतो, ‘आधी तुमचा मेंटेनन्स किती थकलाय ते सांगा.’ डोंबिवलीतल्या एका अठ्ठावीस सदनिकांच्या संस्थेत मी सात वर्षे खजिनदार होते. गळतीची तक्रार आणि मेंटेनन्सची थकबाकी या दोन गोष्टी एकमेकींत कशा अडकतात हे मी टेबलाच्या ज्या बाजूने पाहिले, त्या बाजूने लिहीत आहे.

आमची इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची, नव्वदच्या दशकातली. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला आधी पोपडे धरले, मग लगतच्या बेडरूमच्या भिंतीवर ओल उतरली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात छताचे प्लास्टर पडून आतली गंजलेली सळई उघडी पडली. काकांनी खाली बादली ठेवली आणि शाळेच्या एका वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली : तारीख, वेळ, मिनिटाला थेंब किती. ती वही त्यांनी मला दाखवली तेव्हा मी प्रथम मनातल्या मनात हसले होते, हे कबूल करते. पण नीट पाहिल्यावर लक्षात आले की सकाळी सात ते नऊ, म्हणजे वरच्या घरातल्या आंघोळींच्या वेळेत, थेंब वाढत होते आणि दुपारी जवळजवळ थांबत होते. शिवाय एप्रिलच्या कडक उन्हाळ्यातही बादली कोरडी राहत नव्हती. पावसाचे पाणी एप्रिलमध्ये येत नाही, हे सांगायला अभियंत्याची गरज नसते.

वरच्या सदनिकेचे मालक दुसऱ्या शहरात राहत होते आणि घर भाड्याने दिलेले होते. माझ्या वहीत हे मालक आदर्श सभासद होते. बिल निघाले की आठवड्याच्या आत पैसे, घर भाड्याने दिल्याबद्दल संस्था जे बिगरभोगवटा शुल्क घेते त्यासह, कधी एक रुपयाची घासाघीस नाही. गळतीच्या पत्राला मात्र त्यांचे उत्तर ठरलेले असे, की पाणी बाहेरच्या भिंतीतून येत आहे, सबब दुरुस्ती संस्थेने करावी. भाडेकरू दार उघडून अदबीने सांगत, ‘मालकांना विचारा, आम्ही कोणाला आत घेऊ शकत नाही.’ समितीने तीन पत्रे पाठवली, ती इतिवृत्तात नोंदवली आणि आपले कर्तव्य पार पडले असे मानले. मीही त्या समितीत होते. यानंतर काकांनी मेंटेनन्स देणे बंद केले आणि चेअरमनना लिहून कळवले, की छत कोरडे होईल त्या दिवशी सगळी रक्कम एकदम भरीन.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती अनेकांना कटू वाटते : मेंटेनन्स रोखून धरणे चुकीचे आहे. त्या पैशातून वॉचमनचा पगार, पाण्याच्या पंपाचे वीजबिल आणि सफाई होते. यांपैकी कोणाचाही काकांच्या छताशी संबंध नव्हता. तक्रार असेल तर ‘हरकत राखून भरणा करीत आहे’ असे पत्र जोडून रक्कम भरावी, पत्राच्या प्रतीवर संस्थेची पोच घ्यावी आणि ती प्रत जपून ठेवावी. मी हे काकांना जिन्यात दोनदा सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, ‘पैसे भरल्यावर तुम्ही मला भेटायला तरी याल का?’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

सव्वीस महिने झाले तेव्हा महिना २,४०० रुपयांप्रमाणे त्यांची मुद्दल थकबाकी ६२,४०० रुपये झाली होती. तेव्हाच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे शासनाने संस्थांसाठी दिलेल्या नमुना नियमांनुसार, थकबाकीवर सालाना कमाल २१ टक्के सरळ व्याज लावता येत होते आणि आमच्या सभेने तेवढेच ठरवलेले होते. त्याचे १३,६५० रुपये धरून एकूण ७६,०५० रुपयांच्या वसुलीचा अर्ज आम्ही सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे केला. ठराव, खाते उतारा, नोटिसांच्या प्रती असे सगळे कागद मीच लावले होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये पूर्वी कलम १०१ खाली असलेली ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठीच्या स्वतंत्र प्रकरणात कलम १५४ ब-२९ म्हणून आली आहे, आणि ती संस्थेच्या दृष्टीने खरोखर धारदार आहे. वसुली दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते, जप्तीपर्यंत जाता येते, आणि दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आमचा दाखला सात महिन्यांत हातात आला.

आता याच कायद्याच्या दारात काका गेले असते तर काय झाले असते, ते पाहा. गळती, अंतर्गत दुरुस्ती आणि पार्किंगचे वाद उपनिबंधकांच्या कक्षेत येत नाहीत. आदर्श उपविधींमध्ये तक्रारींची जी विभागणी दिली आहे, तीत ते सहकार न्यायालयाकडे दाखवलेले आहेत. म्हणजे कलम ९१ खाली दावा, वकील, तारखा, वरच्या मालकाला समन्स, मग तज्ज्ञाची नेमणूक, निकाल लागलाच तर अपील. काका एका वकिलांकडे जाऊन आले होते. फीचा आकडा ऐकून परतले आणि म्हणाले, ‘एवढ्यात तर माझे सबंध घर नवे होईल.’ एकाच जिन्यावरच्या दोन तक्रारी, पण संस्थेचे गाऱ्हाणे टेबलावरच्या कागदांवर सुटते आणि सभासदाचे गाऱ्हाणे न्यायालयात जाते. मग सभासद आपल्या हातात असलेले एकमेव हत्यार उपसतो, ते म्हणजे चेकबुक मिटून ठेवणे. थकबाकीदारांना आपण सभेत सरसकट ‘फुकटे’ म्हणतो. तसे काही असतातच. आमच्याकडेही दोघे होते आणि त्यांच्याबद्दल मला यत्किंचित सहानुभूती नाही. परंतु गळतीमुळे थकलेला आणि वृत्तीनेच थकवणारा, हे दोघे नोटीस बोर्डावरच्या यादीत शेजारी शेजारी दिसतात.

नियम नाहीत म्हणून हे होते, असे मुळीच नाही. सोसायट्यांतल्या बहुतेक भांडणांची उत्तरे छापील स्वरूपात तयार असतात. सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान, पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार, सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के, आणि बिगरभोगवटा शुल्क १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नाही. गळतीचेही उत्तर आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांतून येणारे पाणी संस्थेने थांबवायचे. संडास, न्हाणीघर, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती त्या सदनिकाधारकाने. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा आणि सभासदाने दुरुस्ती न केल्यास ती करवून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकारही समितीला उपविधींनी दिलेला आहे. अडचण एवढीच, की दार उघडलेच नाही तर पुढे काय, यावर समितीच्या हातात ठोस असे काही राहत नाही. आणि खरे सांगायचे तर समितीलाही पुढे जायची इच्छा नसते. फुकट काम करणारी माणसे शेजाऱ्याच्या न्हाणीघरात शिरून वैर घेण्यापेक्षा चौथे पत्र पाठवणे पसंत करतात. आमच्या एका सभेत तर काकांचे पाणी तोडावे अशी सूचना आली होती. असा अधिकार कोणत्याही उपविधीत नाही हे सांगायला मला उठून उभे राहावे लागले, आणि तरीही दोघांनी ‘एकदा करून तर बघू’ असे म्हटले.

शेवटी आमच्याकडे उलगडा झाला तो कायद्याने नव्हे, योगायोगाने. भाडेकरू घर सोडून गेले, रंगकामासाठी घर महिनाभर रिकामे राहिले आणि मालकांनी फोनवर किल्ली द्यायला होकार दिला. प्लंबरने न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतले सांडपाण्याचे तोंड, कापडाचा बोळा घालून बंद केला, दाराशी ओल्या पोत्याचा बांध घातला आणि चार बोटे पाणी साठवून त्यात रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग मिसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या छतावर, सळईच्या अलीकडे, तळहाताएवढा गुलाबी डाग उमटला होता. ट्रॅपच्या सांध्यातून पाणी झिरपत होते. तो बदलून भोवतीच्या फटी भरायला सात हजार रुपये लागले. ते संस्थेने दिले आणि मालकांच्या पुढच्या बिलात लावले. त्यांनी तेही आठवड्याच्या आत भरले! काकांनी शब्द पाळून मुद्दल एकरकमी भरली. व्याज माफ करण्याचा ठराव सभेत ११ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या नऊ मतांत माझे एक होते, कारण त्याच वर्षी दुसऱ्या एका कुटुंबाकडून आम्ही नोकरी गेलेली असतानाही पूर्ण व्याज घेतले होते. ते मत मला आजही चुकीचे वाटत नाही. मात्र सात हजारांच्या सांध्यासाठी एका वृद्ध माणसावर आम्ही पाऊण लाखाचा वसुली दाखला काढला, यात माझी सही होती, हेही विसरता येत नाही.

सहकार खात्याने याबाबतीत एक मर्यादित बदल करावा, अशी माझी या पत्राद्वारे विनंती आहे. गळतीच्या लेखी तक्रारीनंतर ठरावीक मुदतीत, समजा तीस दिवसांत, वरच्या व खालच्या दोन्ही सदनिकांची एकत्रित पाहणी करवण्याचा अधिकार उपनिबंधकांना द्यावा. पाहणी नेमलेल्या तालिकेवरील अभियंत्याने करावी, तिचा खर्च प्रथम संस्थेने करावा आणि दोष ज्याचा निघेल त्याच्या बिलात तो लावावा. दोष ठरल्यानंतरही वाद उरला तर सहकार न्यायालय आहेच. पण पाणी कुठून येते हा मुळात प्लंबरचा प्रश्न आहे, त्यासाठी न्यायाधीशांची वाट पाहण्याचे कारण नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, पूर्वसूचना देऊनही जो सभासद पाहणीसाठी दार उघडत नाही, त्याला थकबाकीदाराच्याच पंगतीत बसवावे. थकबाकीदाराला समितीची निवडणूक लढवता येत नाही; मग वर्षानुवर्षे किल्ली न देणाऱ्याला ती का लढवता यावी? आणि संस्थेने वसुलीचा अर्ज करताना, या सभासदाची गळतीची तक्रार प्रलंबित आहे काय आणि त्यावर पाहणी झाली काय, याचे उत्तर अर्जातच लिहून देणे सक्तीचे करावे. अर्जासोबत लावायच्या कागदांची यादी मला अजून तोंडपाठ आहे; तीत या एका कागदाची भर पडावी, एवढेच मागणे आहे.

हा बदल होईल तेव्हा होईल. तोवर या महिन्यात ज्यांच्या सभा व्हायच्या आहेत, त्या संस्थांनी विषयपत्रिकेत थकबाकीच्या विषयाआधी प्रलंबित गळती तक्रारींचा विषय घ्यावा आणि प्रत्येक तक्रारीपुढे पाहणीची तारीख टाकूनच पुढे जावे. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची माजी खजिनदार,
डोंबिवली