बहात्तर ऋतू आणि तुझा अर्ध्या तासातला निकाल

मिरज
7 मे 2023

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

आई म्हणते, फोन कर की, पत्र कशाला. पण फोनवर तू "हो पप्पा, हो पप्पा" म्हणतोस आणि मागे कुणीतरी हसत असतं. भडंगाचा डबा येणारच आहे, त्यातच हे टाकतोय. कागदाला तेल लागलं असेल तर लोणच्याची बरणी गळली समज.

विषय मेटालिका, आपला तो अमेरिकन हेवी मेटल बँड. 13 एप्रिलच्या रात्री मी आंबेडकर जयंतीच्या स्टेजमागे साउंडच्या मिक्सरवर होतो. बाराच्या ठोक्याला फटाक्यांची माळ लागली, गायन पार्टी थांबली, लोक एकमेकांना पेढे भरवायला लागले. त्याच बाराला त्यांचा नवा अल्बम '72 सीझन्स' आला होता, हे मला ठाऊक होतं, पण ऐकणार कुठे? साडेबाराला खिशातला फोन थरथरला. तुझा मेसेज : "पप्पा, बकवास. तेच तेच. म्हातारे झालेत, रिटायर व्हायला सांगा."

आता हिशोब कर. अल्बम 77 मिनिटांचा, गाणी 12. शेवटचं एकटंच 11 मिनिटांचं, त्यांनी आजवर लिहिलेल्या गाण्यांत सगळ्यात लांब. बाराला लावलं असलंस तरी साडेबाराला तू पाचव्या गाण्यात होतास. निम्मा पेपर तपासायच्या आधीच पोरगं नापास.

रागावलो नाहीये. मी याहून वाईट केलंय. 1996 साली त्यांचा 'लोड' अल्बम आला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि माझे केस खांद्यापर्यंत होते (फोटो आईकडे आहे, मागू नकोस). एका मासिकात बँडमधल्या चौघांचा फोटो पाहिला. चौघांनी केस कापलेले. तिथेच स्टॉलवर उभ्या उभ्या मी मित्राला म्हणालो, "संपले." एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. कॅसेट घेतलीच नाही. वर दोन वर्षं जो भेटेल त्याला सांगत फिरलो की लोड भंगार आहे.

ऐकली 1998 मध्ये, आजी दवाखान्यात होती तेव्हा. बाहेर बाकड्यावर वॉकमन लावून बसायचो. त्या कॅसेटमध्ये आईवरचं एक गाणं आहे, जवळपास लोकगीतासारखं. बँडचा गायक हेटफिल्ड 16 वर्षांचा असताना त्याची आई कॅन्सरने गेली. घरचा पंथ औषधोपचार न मानणारा. बाप त्याआधीच घर सोडून गेलेला. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, कळलं नंतर. पण गाणं लागलं. दोन वर्षं मी ज्याला शिव्या दिल्या त्यात हे होतं आणि मी ते केसांपायी ऐकलं नव्हतं.

या बँडचं नशीबच असं आहे की दर अल्बमला लोक त्यांना एकदा पुरतात. 1984 मध्ये दुसऱ्याच अल्बमवर एक गाणं संथ अकौस्टिक गिटारने सुरू झालं, तर जुने ऐकणारे म्हणाले विकले गेले. 1991 मध्ये काळा अल्बम आला. गाणी छोटी, वेग कमी, निर्माता नवा, बॉब रॉक. पुन्हा तेच, विकले गेले. एकट्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटीहून जास्त प्रती खपल्या, त्यामुळे म्हणणाऱ्यांना पुरावाच मिळाल्यासारखं झालं. मी 2011 च्या ऑक्टोबरात बेंगळुरूला गेलो होतो, पॅलेस ग्राउंड्सवर. तू सहा वर्षांचा होतास, रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ होते, पोट सुटलेले, काळा टी-शर्ट ताणून बसवलेला. मला म्हणाले, "91 नंतर मी यांना सोडलं." बाबा रे, वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या माणसांसाठी रात्रभर प्रवास करून आलाय, तिकीट काढलंय, आणि आत गेल्यावर त्याच काळ्या अल्बमची गाणी घसा फुटेस्तोवर गात होता. याला मत म्हणत नाहीत. हा भाऊबंदकीतला रुसवा आहे.

पण ऐकणारे नेहमीच चुकतात असं मी म्हणणार नाही. उलट दोनदा तरी त्यांचेच कान बरोबर निघाले.

1988 चा 'जस्टिस' अल्बम लाव आणि बास गिटार शोध. सापडत नाही. बास वाजवणारा क्लिफ बर्टन 86 मध्ये स्वीडनला बस उलटून गेला, त्याच्या जागी न्यूस्टेड आला, आणि नव्या पोराचा बास इतका खाली दाबला की तो वाजवतोय की नाही ते कळू नये. मिक्सिंग करणाऱ्याने पुढे सांगितलं, बँडमधूनच तसा हुकूम होता. लोक तेव्हापासून बोंब मारतायत आणि ती खरी आहे. मी कितीतरी वेळा खालच्या सुरांचं बटण वर करून पाहिलं. नसलेली गोष्ट वर कशी येणार?

दुसरं 2008 चं, 'डेथ मॅग्नेटिक'. हे तुला जरा सविस्तर सांगतो, कारण हा माझ्या धंद्यातला विषय आहे.

मंडळाची पोरं येतात आणि म्हणतात, "काका, आवाज वाढवा." मी वाढवतो. पुन्हा येतात, "अजून." मिक्सरवर लाल दिवा लुकलुकायचा थांबून कायमचा पेटून राहतो. तेव्हा आवाज वाढत नसतो, लाटेचा माथा छाटला जात असतो. ढोलाचा ठोका आहे ना, त्याची गंमत त्या एका क्षणाच्या उसळीत असते. माथा छाटला की ठोका राहतो पण धडक जाते, त्याच्या जागी करकर येते. शांत भाग आणि मोठा भाग एकाच उंचीवर. दहा मिनिटांत कान दमतात आणि माणसाला कळत नाही आपल्याला घरी का जावंसं वाटतंय.

त्या सीडीचं नेमकं हेच झालं होतं. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं माझा अँप गेला. स्पीकर बदलला, वायर बदलली. मग कळलं, जगभर लोक हेच करत होते. आणि पकडलं कुणी? व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरांनी. 'गिटार हिरो' नावाच्या गेममध्ये तीच गाणी आली होती. गेमला प्रत्येक वाद्य वेगवेगळं लागतं, म्हणून त्यात ती अशी दाबून चेपलेली नव्हती. पोरांनी दोन्हींच्या लाटा संगणकावर एकाखाली एक लावून दाखवल्या. गेममधल्या लाटेला शिखरं होती, सीडीतली लाट म्हणजे विटांची भिंत. दहा हजारांवर लोकांनी सह्या केल्या की हे पुन्हा नीट मिक्स करा. ज्याने मास्टरिंग केलं, म्हणजे सीडी छापण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवला, त्यानेही लिहिलं की माझ्याकडे आलं तेव्हाच ते छाटलेलं होतं. बँडने तेव्हा ऐकलं नाही. पण त्या पोरांचं मत मला आजही पटतं, कारण ते "आमच्यावेळचे राहिले नाहीत" असं म्हणत नव्हते. सीडीत काय झालंय ते त्यांनी उघडून दाखवलं.

या दोघांच्या मधलं एक आहे, 2003 चा 'सेंट अँगर'. न्यूस्टेड सोडून गेलेला, हेटफिल्ड दारू सोडायला उपचार घेऊन आलेला, स्टुडिओत बास स्वतः बॉब रॉक वाजवतोय. गिटारचा एकही सोलो नाही. आणि ड्रमवाल्या लार्सने स्नेअरच्या, म्हणजे मधल्या छोट्या ड्रमच्या, खालच्या तारा सोडून दिलेल्या, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला टण्ण. आमचं नवं लग्न झालेलं. तुझी आई आतून ओरडली, "शेजारी कोण घमेलं बडवतंय का?" वीस वर्षांत त्या अल्बमवर हजारो लोकांनी मतं दिली असतील, याहून नेमकं मी एकही ऐकलं नाही. तरी सांगतो, मला तो अल्बम आता आवडतो. घमेलं घमेलंच आहे. पण चार माणसं एका खोलीत तुटायला आलेली आहेत आणि ते झाकायला गुळगुळीत आवाज वापरत नाहीत, हे एवढ्यात लक्षात यायला लागलंय.

आता '72 सीझन्स'. मी ऐकला त्याच आठवड्यात, इस्लामपूरच्या लग्नाहून टेम्पोतून येताना. मागे बॉक्स बांधलेले, शेजारी पोरगा झोपलेला, रात्रीचे दोन. सलग सगळा. मग घरी हेडफोनवर दोनदा.

तुझं "तेच तेच" अर्धं खरं आहे. मधली दोन-तीन गाणी मी काढून टाकली असती. एक रिफ, म्हणजे गिटारचा तोच तुकडा, चारदा पुरेल तिथे आठदा आहे. गिटारवाला कर्क हॅमेट वा-वा पेडलवर (गिटारला "वाऽ वाऽ" करायला लावणारं पायाखालचं यंत्र) पाय ठेवतो तो उचलतच नाही, त्याला कुणीतरी घरी एकदा तरी वा वा म्हणायला हवं होतं म्हणजे ही वेळ आली नसती. पण हेटफिल्डचा आवाज ऐक. साठीला टेकलेला माणूस आहे. आणि ते शेवटचं 11 मिनिटांचं, जिथवर तू पोचलाच नाहीस. मध्ये गिटार थांबतात आणि बास एकटा चालत राहतो. 88 साली ज्या बँडने बास गाडून टाकला, त्यांनी 35 वर्षांनी त्याला मोकळं अंगण दिलंय. टेम्पोत मी आवाज वाढवला तर पोरगा दचकून उठला.

नावाचा अर्थ कळला का? बहात्तर ऋतू म्हणजे वर्षाचे चार धरून पहिली अठरा वर्षं. त्यात माणसाला घरून जे मिळतं ते तो पुढे जन्मभर वागवतो, असं हेटफिल्डचं म्हणणं. आपल्याकडे ऋतू सहा, म्हणजे बहात्तर ऋतूंत बाराच वर्षं होतात, एक तप. मी दोन्ही हिशोब तुला लावून पाहिले. तू बारा वर्षांचा असताना सीझनमध्ये मी महिना-महिना रात्री घरी नसायचो. अठराचा झालास आणि हॉस्टेलला गेलास. टेम्पोत हे डोक्यात आलं आणि सांगलीचा पूल कधी गेला कळलं नाही. असो.

तुमच्या बँडच्या चार गाण्यांची लिंक मिळाली. "कशी आहेत" असं तू विचारलंस आणि मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही, म्हणून आईला वाटलं मला आवडली नाहीत. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवणारा माणूस तू लहानपणी पाहिलायस. तो चांगला-वाईट म्हणत नाही. घोडीवरचा दोरा केसभर सरकवतो, तार छेडतो, परत सरकवतो. मला तेवढा वेळ हवा होता.

पहिलं गाणं सुरुवातीला 20 सेकंद उगाच थांबतं. ते कापा. दुसऱ्यातला तुझा सोलो चांगला आहे, पण तो सुरू झाला की गाणाऱ्याचा आवाज मागे जातो. तू स्वतः मिक्स केलंस का? तसंच वाटलं. तिसऱ्याच्या मराठी ओळी सगळ्यात चांगल्या, त्या कुणी लिहिल्या ते सांग. चौथं सगळं लाल दिव्यात आहे. मास्टर करताना आवाजाची पातळी तीन-चार डीबी (डेसिबल) खाली घ्या, ढोलकी श्वास घेईल.

आणि चारही गाण्यांत बास कुठे आहे? दोन स्पीकरवर ऐकलं, मग आपल्या मोठ्या बिनवर, म्हणजे बासच्या स्पीकर बॉक्सवर, लावून पाहिलं, गल्लीतली कुत्री उठली पण बास नाही आला. तुमच्या बास वाजवणाऱ्या पोराला समोर बसवून फायनल ऐकवलंय का एकदा? सुट्टीत येशील तेव्हा मूळ ट्रॅक पेन ड्राइव्हवर घेऊन ये, सगळे वेगवेगळे. आणि त्यालाही घेऊन ये. वरची खोली रिकामी आहे.

भडंग एकट्याने खाऊ नकोस.

तुझा,
पप्पा