तिसऱ्या लेण्यासमोर बसून

प्रिय भावा,

तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले, पण दोन ओळीत उत्तर देववेना म्हणून पत्रच लिहितोय. बारावीला कलेचा इतिहास घेऊन नक्की करतोस काय असं तू विचारलंस, घरी मामापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे तेच विचारतात, सायन्सला मार्क कमी पडले का रे? नाही पडले. मला हाच विषय हवा होता.

गेल्या रविवारी आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांवर गेलो. आपण सातवीत डबे घेऊन गेलेलो आठवतंय? पायऱ्या पळत चढलो, चिवडा खाल्ला, उतरलो, लेणी बघितलीच नाहीत. या वेळी सर म्हणाले वह्या पिशवीत ठेवा, आधी अर्धा तास नुसतं बघा. मी तिसऱ्या लेण्यासमोर बसलो. ओसरीच्या खाली सहा दांडगे पुरुष कोरलेत, पायऱ्यांच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन, सगळं लेणं खांद्यावर पेलल्यासारखे. पहिली दहा मिनिटं कंटाळा आला, मग हळूहळू प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसायला लागला आणि उठावंसंच वाटेना.

मग दहाव्या लेण्यात गेलो. हे नहपान या क्षत्रप घराण्यातल्या राजाचा जावई उषवदात याने दिलेलं, आणि तिसरं गौतमी बलश्रीचं, म्हणजे ज्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं त्याच्या आईचं. दोन्हीकडचे खांब बघ, घाट तोच, वर घंटेसारखा भाग आणि त्यावर प्राणी, पण दहाव्यातली घंटा जास्त सुबक आहे, तिसऱ्यातली बुटकी. म्हणजे ज्यांना हरवलं त्यांच्याच लेण्यासारखं आपलं लेणं हवं होतं का यांना? मला तरी तसंच वाटतं, वहीत लिहिलंय, सरांना दाखवणार आहे. आणि सिन्नरकडे जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला, खालचा जुना चेहरा तसाच पुसट दिसतो म्हणे. एक राजा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर शिक्का मारतो आणि त्याचीच आई पुढे शत्रूच्या लेण्यासारखं लेणं देते, हे मला दगडात बघायला मिळालं यार, आणि तेही आपल्या घरापासून बसने जाण्याइतक्या अंतरावर!

आमच्या वर्गात जेमतेम सात जण आहोत, पुढच्या वर्षी विषय राहील का याची धाकधूक असते. इंग्लंडमध्येही एका परीक्षा मंडळाने २०१६ ला ए लेव्हलचा (म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेचा) हा विषय बंद करायचं जाहीर केलं, बरीच ओरड झाली आणि मग दुसऱ्या मंडळाने २०१७ पासून नव्याने सुरू केला. आपल्याकडे ओरड करायला निदान मी तरी आहे.

आता तुझं काम. तू पुण्यात आहेस, लोणावळ्याला लोकलने जाशीलच कधीतरी, तिथून कार्ल्याला जा. तिथेही उषवदाताच्या दानाचा लेख आहे, आणि चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या दालनाच्या, खांबांवर गुडघे टेकलेले हत्ती आहेत. मला खांबाच्या घंटेचे फोटो हवेत, समोरून आणि बाजूने, आणि फ्लॅश मारू नकोस. दिवाळीला आलास की दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवून बघू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच