मत्स्यालयात हात लावू द्या, पण शिकवून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्राण्यांना हात लावू देणाऱ्या, भरवू देणाऱ्या मत्स्यालयांवर सरसकट बंदी घाला, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे. फळ्यावर काढलेला तारामासा आणि बोटाखाली हळूच सरकणारा तारामासा यांत किती अंतर आहे, हे मला चांगले ठाऊक आहे. यंदाच्या सुट्टीत आपल्या नाशिक शहरात एका मैदानावर आलेले फिरते मत्स्यालय दाखवायला नातवंडांना घेऊन गेले होते. तिथे जे पाहिले त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

काचेचा बोगदा छान होता. डोक्यावरून मासा गेला की मुले माना मागे टाकून ओरडत होती. खरी गर्दी मात्र पुढच्या दालनात. तिथे एका उथळ हौदात तारामासे ठेवलेले. शेजारी कोई माशांना बाटलीने भरवायची सोय, पलीकडे माशांच्या टाकीत पाय सोडून बसायचा 'फिश स्पा' (मासे पायांची मेलेली कातडी कुरतडतात), आणि बाहेर पडताना खांद्यावर इग्वाना हा मोठा सरडा किंवा मकाव हा मोठा पोपट घेऊन फोटो.

हौदापाशी उभा असलेला तरुण प्रत्येक पोराच्या तळहातावर सॅनिटायझर मारायचा आणि 'हं, लाव आता हात' म्हणायचा. तेच ओले हात थेट पाण्यात. एका मुलीने तारामासा उचलून वर धरला, कारण वडिलांना फोटो हवा होता. पहिला फोटो हलला, म्हणून दुसरा काढला. तोवर त्या जिवाच्या खालच्या अंगाचे बारीक बारीक पाय हवेतच आधार शोधत वळवळत होते. तिच्या हातातून तो पुढच्या मुलाच्या हातात गेला. त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला कुणी काही शिकवलेलेच नव्हते. मुलांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते, आणि मुले तर प्रश्नांवर प्रश्न विचारत होती.

तारामाशाच्या अंगात रक्त नसते. समुद्राचेच पाणी त्याच्या शरीरातल्या नळ्यांतून फिरते आणि त्या पाण्याच्या दाबावर ते शेकडो पाय चालतात. श्वसन होते ते त्या पायांतून आणि पाठीवरच्या नाजूक उंचवट्यांतून, तेही पाण्यात असतानाच. पाण्याबाहेर धरले की त्याचा श्वास कोंडतो. माशाचेही तसेच. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासूनचे संरक्षण असते आणि कोरड्या हाताने धरले की तो थर निघून येतो. म्हणून हात लावायची रीत ठरलेली आहे: आधी साध्या पाण्याने हात स्वच्छ धुवायचे, सॅनिटायझर किंवा क्रीम लागलेला हात पाण्यात घालायचा नाही, प्राणी पाण्यातच राहू द्यायचा, दोन बोटांनी पाठीवरून हलकेच स्पर्श करायचा आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे. हे सांगायला एक मिनिट पुरते. पाच वर्षांच्या मुलाला नीट सांगितले तर तो मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतो, हा माझा अनुभव आहे.

बाटलीने भरवण्याचे मुलांना फार अप्रूप. पण दिवसभर रांग लावून भरवले, तर मासे जितके खातात तितकी घाणही करतात. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. तो साठला की तेच कल्ले जळतात. त्यामुळे दिवसाचे खाद्य मोजून ठेवायला हवे आणि ते संपले की भरवणे बंद, मग तिकिटे कितीही खपोत. फिश स्पाबद्दल मात्र माझे मत कडक आहे. एकाच टाकीत एकामागून एक अनोळखी पाय, आणि आत जिवंत मासे असल्याने ती टाकी निर्जंतुक करता येत नाही. हा प्रकार बंदच करावा. इग्वानासारख्या सरड्यांच्या आणि कासवांच्या अंगावर जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुले त्यांना कुरवाळून तोच हात तोंडात घालतात. तिथे ना नळ दिसला, ना साबण.

कायदाही आहे. डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या केंद्रांना केंद्र सरकारने २०१३ सालीच मनाई केली. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नियम आले; आंतरराष्ट्रीय करारात संरक्षण असलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला आता त्यांची नोंदणी करावी लागते. हिरवा इग्वाना आणि मकाव दोन्ही त्यात मोडतात. मैदान भाड्याने देताना आगीच्या बंबाची आणि विजेच्या जोडणीची परवानगी पाहिली जाते. त्याच वेळी या नोंदणीचा कागद, पशुवैद्याचा दाखला आणि हात धुवायची सोयही पाहावी, एवढी माझी प्रशासनाला विनंती आहे.

दुसरी विनंती जास्त मनापासून आहे. आपल्या मुलांनी मैदानावर लांबलांबच्या देशांतले मासे पाहिले, पण गोदावरीतली खडशी त्यांतल्या किती जणांनी पाहिली असेल? हा दख्खनचा महाशीर. लोणावळ्याला टाटा पॉवर कित्येक दशके त्याची पिल्ले वाढवून नद्यांत आणि तलावांत सोडते आहे. आपली मरळ हवा गिळायला सारखी पाण्यावर येते. काचेआडून हे पाहताना वर्गच्या वर्ग स्तब्ध होईल. वाम आहे, शिंगाळा आहे. आणि ज्या चिलापीने आपली धरणे भरली, ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली, पिल्ले तोंडात सांभाळणारी. तीही दाखवावी, म्हणजे परका मासा नदीत सोडला की काय होते ते मुलांना कळेल. नांदूरमध्यमेश्वरला २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, होण्याचा मान मिळाला. तिथले पक्षी पाहायला आपण जातो, पण त्यातले कित्येक ज्या माशांवर जगतात ते मासे आपल्या ओळखीचे नाहीत.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. तेवढे मोठे नको. नाशिकला यशवंतराव चव्हाण तारांगण आहे; त्याच धर्तीवर गोदावरीच्या माशांचे एक छोटे, कायमचे दालन महापालिकेने करावे. समुद्रापासून इतक्या दूर खारे पाणी मीठ कालवून तयार करावे लागते आणि ते सांभाळणे खर्चिक असते. गोड्या पाण्यातल्या आपल्या माशांना तो खर्च नाही. स्पर्शाचा हौदही जरूर असावा, पण त्यात रोज थोडाच वेळ हात घालू द्यावा आणि बाजूला शिकलेला माणूस उभा असावा. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाकाठावर मोठी कामे होत आहेत. त्यातच या दालनाची जागा धरावी.

शिकलेला माणूस कुठून आणायचा, असा प्रश्न आला तर शहरात माझ्यासारखे निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत, महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत आणि धरणावर जाळी टाकणारे मच्छीमार बांधव आहेत. या तिघांना एकत्र बसवून प्रशिक्षण द्यावे. पहिल्या तुकडीत माझे नाव घालावे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक