केसपेपरवर पोटाचा घेरही लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाच्या रुग्णाला मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हे आपल्याकडे आवर्जून विचारले जाते. सुटलेल्या पोटाची नोंद मात्र फारशी होत नाही. 'खात्यापित्या घरचा' म्हणून त्याचे कौतुकच होते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या आकडेवारीत रुग्णालयात दाखल झालेल्या कोरोनाबाधित प्रौढांपैकी निम्मे लठ्ठ होते. तिथे दहापैकी चार प्रौढ तसेही लठ्ठ असतात, त्यामुळे एवढ्यावरून फार काही ठरत नाही. पण बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) वाढत जाईल तशी व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता वाढत गेली, आणि लठ्ठपणामुळे मृत्यूचा वाढीव धोका पासष्टीच्या आतल्यांत अधिक ठळक दिसला, हे त्यातले महत्त्वाचे.

असे का होते? पोटातली चरबी श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला, वर रेटते. फुप्फुसाचा तळ नीट फुगत नाही, उताणे झोपल्यावर तर तो मिटूच लागतो. त्यात न्यूमोनिया झाला की ऑक्सिजन भराभर उतरतो. शिवाय ही चरबी नुसती पडून नसते; ती आयएल-६ सारखी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढवते.

जागतिक मापात बीएमआय ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात, भारतीयांसाठी २५ पासूनच. १६५ सेंटिमीटर उंचीच्या ७० किलो वजनाच्या माणसाचा बीएमआय पावणेसव्वीसच्या आसपास येतो, म्हणजे आपल्या मापाने तो लठ्ठ. आरशात मात्र त्याला तसे वाटत नाही. म्हणून घेर मोजावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरायचा, श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढायचे नाही आणि टेप आवळायचाही नाही. पँटच्या पट्ट्याचे माप चालत नाही, कारण पट्टा सुटलेल्या पोटाच्या खाली उतरलेला असतो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका. टेप नसेल तर उंचीएवढी सुतळी घ्या आणि दुमडून निम्मी करा. ती कमरेभोवती पुरली नाही, तर घेर जास्त आहे.

ऑक्सिजन सुधारावा म्हणून रुग्णाला पालथे झोपवण्याच्या सल्ल्यातही हा घेर विचारात घ्यायला हवा. छातीपासून मांड्यांपर्यंत सलग उशा लावल्या की मोठे पोट दाबले जाते, श्वासपटल आणखी वर जाते आणि रुग्ण पाच मिनिटांत परत उताणा होतो. अशा वेळी एक उशी छातीखाली, एक ओटीपोटाच्या हाडांखाली, आणि दोन उशा नडग्यांखाली ठेवाव्यात. मधले पोट मोकळे लोंबले पाहिजे. जेवणानंतर तासभर हे करू नये. गर्भवती, पायात गुठळी असलेले, मणक्याचे वा मांडीचे हाड मोडलेले यांनी तर मुळीच नाही. पालथे जमतच नसेल तर कुशीवर किंवा टेकून बसावे, उताणे नको.

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटात ज्या २० सहव्याधींना (आधीपासूनच्या आजारांना) लसीत प्राधान्य मिळाले, त्यांत लठ्ठपणा नव्हता. महिनाभराने ४५ वरील सर्वांना लस खुली झाली, पण त्याच एप्रिलमध्ये एम्स आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या उपचारसूचनांनी लठ्ठपणाला गंभीर आजाराच्या जोखमीत धरले. उपचाराच्या कागदावर जी जोखीम मान्य, ती लसीच्या यादीत का नव्हती? ब्रिटनने बीएमआय ४० वरील प्रौढांना प्राधान्य गटात घेतले होते. सुईचाही प्रश्न आहे. दंडावर चरबीचा जाड थर असेल तर २५ मिलिमीटरची सुई स्नायूपर्यंत पोचेलच असे नाही. ९० किलोवरील स्त्रिया आणि ११८ किलोवरील पुरुषांसाठी अमेरिकेत ३८ मिलिमीटरची सुई सुचवतात. आपल्या लसीकरण केंद्रांवर तिचा थोडा तरी साठा हवा.

आरोग्य खात्याला विनंती एवढीच की प्राथमिक आरोग्य केंद्रापासून पुढे प्रत्येक केसपेपरवर उंची, वजन आणि पोटाचा घेर यांसाठी छापील रकाने असावेत, आणि रक्तदाबाच्या यंत्राशेजारी शिंप्याचा टेप टांगलेला असावा.

आपले,
श्वसनोपचार क्षेत्रातील काही वाचक, पुणे