चौथीच्या मुलांना पेमुलवॉय कळतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियातल्या प्राथमिक शाळांत तिथल्या मूळ रहिवाशांचा इतिहास आणि गोऱ्या वसाहतवाल्यांशी त्यांनी दिलेला लढा शिकवतात, यावर आपल्या पानात एका वाचकाने नाराजी कळवली होती. एवढ्याशा पोरांच्या डोक्यात मारामाऱ्या आणि कत्तली कशाला भरायच्या, असा त्यांचा सूर होता. मी करवीर तालुक्यात चौथीचा वर्ग घेते. मला त्यांचं म्हणणं अजिबात पटलं नाही, म्हणून हे पत्र.

माझी भाची सिडनीजवळ पॅरामॅटाला असते. तिची मुलगीही चौथीतच आहे. १७८८ साली इंग्रजांची पहिली ११ जहाजं तिथे आली आणि त्यानंतर मूळ रहिवाशांचं काय झालं, हा भाग त्यांना याच इयत्तेला आहे. भाचीकडून पेमुलवॉय या तिथल्या मूळ रहिवासी लढवय्याचं नाव कळलं. मग मी स्वतः वाचून काढलं आणि यंदा वर्गात सांगितलं.

पेमुलवॉय सिडनी भागातल्या बिडजिगल या मूळ रहिवाशांपैकी. जहाजं आल्याच्या दुसऱ्याच वर्षी देवीची साथ पसरली आणि सिडनीच्या आसपासची कितीतरी माणसं त्यात गेली. वसाहत मात्र नदीच्या काठाकाठाने आत सरकत राहिली. हॉक्सबरी नदीच्या गाळाच्या जमिनीत रानकंद उगवत, त्यावर तिथल्या लोकांचं पोट चाले. ती जमीन नांगरून गोऱ्यांनी मका लावला. पेमुलवॉय आणि त्याचे साथीदार वसाहतीच्या मळ्यांवर धाडी घालू लागले, उभा मका पेटवू लागले. १७९७ मध्ये पॅरामॅटाच्या चकमकीत त्याच्या अंगात छर्रे घुसले. इस्पितळात ठेवलं होतं, तिथून तो पायातल्या बेडीसकट निसटला. १८०२ मध्ये त्याला गोळी घालून मारलं. वसाहतीच्या ज्या गव्हर्नर किंगने त्याच्यावर इनाम लावलं होतं, त्यानेच नंतर पत्रात त्याच्या शौर्याची कबुली दिली.

हे सांगताना मुलं सुरुवातीला पेमुलवॉयवरच नाराज होती. पिकाला आग लावणं शेतकऱ्याच्या पोरांना कसं सहन होणार? मग रानकंदाचं सांगितलं. भोगावतीकाठची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमची मळी कुणी घेतली तर आजोबा गप बसतील व्हय?" त्यानंतर वर्गाला मी काहीच समजावलं नाही. मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची जमीन म्हणजे काय, हे आमच्या पोरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

सगळंच सांगितलं असं नाही. पेमुलवॉयचं शिर कापून इंग्लंडला पाठवलं, हे मी या वर्गाला सांगितलं नाही. १८३८ मध्ये तिथेच मायल क्रीकला गोऱ्यांनी मूळ रहिवाशांपैकी किमान २८ निःशस्त्र माणसं मारली, त्यात बायका होत्या, लेकरं होती. पुढे त्यासाठी सात गोऱ्यांना फाशी झाली. हा भाग सातवी-आठवीचा. कोणत्या वयाला किती सांगायचं हे शिक्षकाने ठरवावं, त्यासाठीच तर आम्ही वर्गात असतो. पण माणसांची जमीन गेली आणि ती लढली, एवढं नऊ वर्षांच्या मुलाला पेलतं.

आता आपल्याकडे बघा. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे आणि तो तसाच असावा. त्याच जोरावर आपण मुलांना पन्हाळ्याला नेतो. सिद्दी जौहरचा वेढा सांगतो, बाजीप्रभू सांगतो, अंबारखाना दाखवतो. चार दरवाजाचे अवशेष समोर असतात, तिथून पुढे सरकतो. तो दरवाजा इंग्रजांनी १८४४ मध्ये पाडला, गडकऱ्यांचं बंड मोडताना. पिढ्यानपिढ्या गड राखणारी ही घराणी, त्या चाकरीपोटी त्यांना जमिनी होत्या. इंग्रजांच्या तंत्राने चाललेल्या कारभारात त्या जमिनी मामलेदारांच्या हाती गेल्या. सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, मग भुदरगड उठला, पन्हाळा उठला. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे तिथल्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, ओव्हान्स याला पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं होतं! तोफा आणून इंग्रजांना गड घ्यावे लागले. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने हे ऐकलेलं नव्हतं, आणि सामानगड-भुदरगड आपल्याच जिल्ह्यात आहेत.

शाहू महाराजांचंही तसंच. फोटोला हार घालतो, वसतिगृहं सांगतो. पण १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे, ती हजेरी महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ मध्ये बंद केली आणि फासेपारध्यांना सोनतळीला पहाऱ्यावर नेमलं, हे किती वर्गांत सांगितलं जातं? त्या समाजांची मुलं आज आपल्याच बाकांवर बसतात. त्यांना हे कळायचा पहिला हक्क आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती आहे, की १८४४ च्या बंडावर चौथी-पाचवीच्या मुलांना वाचता येईल अशी आठ-दहा पानांची पुस्तिका काढावी. तोवर, सहलीचे दिवस जवळ आलेत, पन्हाळ्याला जाणाऱ्या शिक्षकांनी चार दरवाजाशी पंधरा मिनिटं थांबावं. मी काढलेली टाचणं कुणालाही द्यायला तयार आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. करवीर, जि. कोल्हापूर