पान्हा आणि पेशींवरचा ताण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावर ग्रंथींबद्दल जे लेखन येते, त्यात संप्रेरकांची माहिती चोख असते. मात्र पेशींवर पडणाऱ्या ताणाचा आणि दाबाचा त्यात उल्लेखही नसतो, ही उणीव शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक म्हणून मला खटकते.

स्तनग्रंथीचेच पाहा. बाळ अंगावर पिऊ लागले की पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येते, एवढे बहुतेक ठिकाणी छापलेले असते. दूध ज्या सूक्ष्म कूपिकांत तयार होते, त्यांना टोपलीसारखा वेढा घालून बसलेल्या पेशी या संप्रेरकामुळे आवळल्या जातात आणि दूध नलिकांत ढकलले जाते. पान्हा फुटतो तो या आवळण्याने. उलट दूध साचून राहिले तर कूपिका फुगतात, त्यांच्या भिंतीतील पेशी ताणून चपट्या होतात आणि दूध तयार होणे मंदावते. साचलेल्या दुधातील रोधक द्रव्यांचाही त्यात वाटा असतो, हे खरे. तरीही ग्रंथी वेळोवेळी रिती होणे हाच पुढच्या दुधाचा मोठा आधार आहे. दूध पुरत नाही म्हणून धास्तावलेल्या बाळंतिणीला हे नीट समजावून सांगणारे थोडेच भेटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पेशीला ताण कळतो कसा, याचे एक उत्तर २०१० मध्ये मिळाले. शास्त्रज्ञ आर्डेम पॅटापूटियन आणि त्यांचे सहकारी बारीक काचनळीच्या टोकाने पेशीला टोचत आणि संशयित ७२ जनुके एकेक करून निकामी करत गेले. अगदी शेवटच्या जनुकापाशी पेशीचा प्रतिसाद थांबला. त्यातून हाती आलेले पिझो-१ हे प्रथिन पेशीपटलातील एक दार आहे, जे पटल ताणले की उघडते आणि कॅल्शियमला आत घेते. या कामासाठी पॅटापूटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्यासह मिळाले.

स्तनातील कर्करोगाची गाठ बहुधा हाताला कडक लागते. तो कडकपणा आपण केवळ लक्षण मानतो. प्रयोगशाळेत मात्र स्तनाच्या निरोगी पेशी मऊ जेलमध्ये सुबक पोकळ गोलक रचतात आणि जेल कडक केले की तीच रचना विस्कटते, म्हणजे भोवतालचा कडकपणा स्वतःच पेशींचे वागणे बदलतो.

ग्रंथींवरील पुढील लेखांत ही बाजूही यावी, ही विनंती.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक शिक्षक